नागपूरचा पाऊस कुठे शिजतो?

२०२३ चा ऑगस्ट महिना विदर्भातले शेतकरी लवकर विसरणार नाहीत. आभाळ भरून यायचे, अंधारून यायचे आणि दोन थेंब टाकून निघून जायचे. आमच्याकडे ज्याला ‘झड’ म्हणतात, ती दोन-तीन दिवस न थांबणारी रिपरिप त्या महिन्यात जवळजवळ दिसलीच नाही. देशभराचा हिशेब लागला तेव्हा कळले की १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी पडला होता.

त्याच दिवसांत आठवीच्या वर्गात मान्सूनचा धडा चालू होता. नकाशावर मी अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दाखवत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “टीचर, समुद्र तर आपल्यापासून इतका लांब आहे. मग आपल्याकडचा पाऊस त्याच्या मर्जीने का पडतो?”

प्रश्न रास्त होता. नागपूर देशाच्या मध्यावर. झिरो माइलच्या दगडापासून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र दिसायला साडेपाचशे-सहाशे किलोमीटर तरी जावे लागते. पुस्तकातले उत्तर मी तिला दिले, पण माझेच समाधान झाले नाही.

मग सप्टेंबर आला. २२ तारखेच्या रात्री आम्ही झोपलो तेव्हा साधा पाऊस होता. मध्यरात्रीनंतर ढग असे फुटले की काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला. आमच्या नंदनवनच्या बाजूने जाणारी नाग नदी, जी वर्षभर नाल्यासारखी दिसते, ती शहरभर फुगली. सीताबर्डी, धरमपेठ भागांत माणसे घरांत अडकली. हजारो घरांत पाणी शिरले, काही जीव गेले, मदतीला लष्कर बोलवावे लागले. गणपती बसलेले होते, ईद-ए-मिलाद पाच दिवसांवर आली होती. सणासाठी भरलेला किराणा, मुलांची पुस्तके, शिलाई मशिनी सारे चिखलात गेले.

एकाच वर्षी कोरडा ऑगस्ट आणि बुडवणारा सप्टेंबर. हे दोन्ही आपल्या दाराशी येण्यापूर्वी हजारो किलोमीटर दूर, समुद्रांच्या आपसातल्या देवघेवीत शिजत होते. ती देवघेव समजून घेण्याचा हा प्रयत्न.

समुद्र म्हणजे उष्णतेची कोठी

मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेवून पाहा, चटका बसतो. त्याच उन्हात भरून ठेवलेल्या टाक्यातले पाणी मात्र कोमटच राहते. पाणी तापायला वेळ लागतो आणि निवायलाही वेळ लागतो. तेवढ्याच वजनाच्या वाळूपेक्षा पाणी सुमारे पाचपट उष्णता पोटात घेते. पृथ्वीभोवतीच्या संपूर्ण वातावरणात जेवढी उष्णता साठवण्याची ताकद आहे, तेवढी समुद्राच्या वरच्या अवघ्या अडीच-तीन मीटर थरात आहे. माणसाने कोळसा आणि तेल जाळून जी जादा उष्णता पृथ्वीवर अडकवली, तिच्यापैकी सुमारे नव्वद टक्के समुद्रांनीच शोषून घेतली आहे.

ही उष्णता समुद्र दोन वाटांनी पुढे देतो. पहिली वाट बाष्पाची. सुराहीतले पाणी गार का होते? बाहेर झिरपलेले पाणी वाफ होताना सुराहीची उष्णता घेऊन जाते. समुद्रावरून उठणारी वाफही अशीच उष्णता पोटात लपवून निघते. शेकडो किलोमीटर दूर, विदर्भाच्या आभाळात तिचे ढग होतात, तेव्हा ती लपलेली उष्णता मोकळी होते आणि ढगांना आणखी वर ढकलते.

दुसरी वाट पाण्याची स्वतःची. एका समुद्राचे कोमट पाणी वाहत दुसऱ्या समुद्रात जाते आणि आपली उष्णता तिथे नेते. ही वाट आपल्या शाळेच्या पुस्तकांत फारशी येत नाही, म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहू.

इंडोनेशियाच्या गल्ल्यांतून

जगातले सर्वांत मोठे कोमट पाण्याचे साठवण प्रशांत महासागराच्या पश्चिम कडेला, इंडोनेशिया आणि फिलिपिन्सच्या आसपास आहे. विषुववृत्तावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे तापलेले पाणी लोटत लोटत तिथे जमा करतात. त्यामुळे त्या बाजूची समुद्राची पातळी हिंदी महासागराच्या बाजूपेक्षा थोडी उंच राहते. पाणी उंचावरून उताराकडे जाणार, हा नियम परातीत आणि महासागरात सारखाच आहे.

मग हे पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून वाट काढते. बोर्निओ आणि सुलावेसी यांच्यामधली मकासरची सामुद्रधुनी, बाली आणि लोंबोक यांच्यामधली लोंबोकची सामुद्रधुनी, पुढे तिमोरजवळच्या वाटा. इतवारीतली गर्दी जशी अरुंद गल्ल्यांतून पलीकडे निघते, तसे प्रशांत महासागराचे पाणी या फटींतून हिंदी महासागरात उतरते. दर सेकंदाला सुमारे दीड कोटी घनमीटर! नागपूरची तहान भागवणारे तोतलाडोह धरण डोळ्यांपुढे आणा. त्याचा उपयुक्त साठा सुमारे एक हजार दशलक्ष घनमीटर आहे. हा प्रवाह त्यात सोडला तर ते साधारण सव्वा मिनिटात भरेल.

आता हिंदी महासागराची एक गोष्ट लक्षात घ्या. प्रशांत आणि अटलांटिक महासागर उत्तरेला ध्रुवाच्या थंड प्रदेशापर्यंत पसरले आहेत. हिंदी महासागराला मात्र उत्तरेला आशिया खंडाची भिंत आहे. पूर्वेकडून आलेली आणि उन्हाने मिळालेली उष्णता उत्तरेकडे वाहून नेता येत नाही. काही उष्णता बाष्पावाटे आभाळात जाते आणि बरीचशी दक्षिणेकडे, आफ्रिकेच्या टोकाजवळून जाणाऱ्या अगुल्हास प्रवाहाबरोबर बाहेर पडते. म्हणजे पूर्वेच्या दाराने किती आत आले आणि दक्षिणेच्या दाराने किती बाहेर गेले, यावर या महासागराची ऊब ठरते. त्या उबेवर आपला मान्सून जगतो.

वॉकरसाहेबांचा हिशेब

या दूरच्या नात्याचा पहिला पत्ता हिंदुस्थानातच लागला, आणि त्यामागे दुष्काळ होता. १८९९ साली मान्सून फसला. त्यानंतर पडलेल्या दुष्काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे आपलाच मुलूख, होरपळून निघाला. १९०४ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. पाऊस आधी ओळखता येतो का, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी जगभरच्या केंद्रांतून हवेच्या दाबाचे आकडे मागवले आणि हाताने हिशेब मांडायला माणसे बसवली. वीस वर्षांच्या या खटाटोपातून एक विलक्षण गोष्ट दिसली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागरावर तो कमी होतो, आणि उलटही घडते. जणू तराजूची दोन पारडी.

तराजू दिसला, पण तो हलवतो कोण हे कळायला १९६० चे दशक उजाडावे लागले. जेकब बियर्कनेस या शास्त्रज्ञाने दाखवले की या पारड्यांमागे समुद्राची उष्णता आहे. काही वर्षी व्यापारी वारे मंदावतात. पश्चिमेला साठलेले कोमट पाणी पूर्वेकडे, दक्षिण अमेरिकेच्या बाजूला सरकते. यालाच आपण एल निनो म्हणतो. ढगांचा बाजार त्या पाण्याबरोबर पूर्वेला जातो आणि आपल्या बाजूला हवा वरून खाली दाबली जाते. अशा हवेत ढग नीट उभे राहत नाहीत. इंडोनेशियातून येणारा प्रवाहही त्या काळात मंदावतो. २००२, २००९ आणि २०१५ या एल निनोच्या वर्षांत देशाने दुष्काळ भोगला. २००९ मध्ये तर सरासरीच्या जेमतेम ७८ टक्के पाऊस झाला. २०२३ च्या जूनमध्ये एल निनो जागा झाला होता आणि ऑगस्टची ओढ त्याच्याच छायेत बसली.

गणित चुकले, तेव्हा नवे नाते सापडले

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर सोपे होते. पण १९९७ मध्ये शतकातल्या सर्वांत बलाढ्य एल निनोंपैकी एक आला, सगळ्यांनी दुष्काळाची धास्ती घेतली, आणि पाऊस सरासरीइतका, किंबहुना किंचित जास्त पडला. असे का?

उत्तर १९९९ मध्ये मिळाले. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या चार शास्त्रज्ञांनी, तीन भारतीय आणि एक जपानी, दाखवून दिले की हिंदी महासागराचाही स्वतःचा तराजू आहे. त्याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात. एरवी या महासागराची सुमात्रा-जावाकडची पूर्व बाजू अधिक कोमट असते. काही वर्षी मात्र तिथले वारे उलटतात, खालचे गार पाणी वर येते आणि ऊब पश्चिमेला आफ्रिकेच्या बाजूला सरकते. ही ‘धन’ अवस्था. तिच्यात भारताकडे येणाऱ्या वाऱ्यांना सहसा जास्त बाष्प मिळते. १९९७ मध्ये एल निनोने जे ओढून नेले, ते या धन अवस्थेने बरेचसे भरून दिले. २०२३ मध्येही पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती धन झाली. ऑगस्ट सुका गेला, पण देशभरात सप्टेंबरचा पाऊस सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त झाला. एका शहरातल्या एका रात्रीच्या ढगफुटीचे खापर एकाच समुद्रावर फोडता येत नाही, पण त्या महिन्याचे वारे पुन्हा ओले झाले ते का, हे यातून कळते.

या तराजूचे हात किती लांब आहेत, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. २०१९ मध्ये डायपोल फार तीव्रपणे धन झाला. ऑस्ट्रेलिया वाळून निघाली आणि तिथली जंगले पेटली. पूर्व आफ्रिकेत पूर आले. आदल्या वर्षी अरबस्तानच्या वाळवंटात चक्रीवादळांच्या पावसाने टोळ वाढलेच होते. आता आफ्रिकेच्या ओल्या, हिरव्या झालेल्या जमिनीवर त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या पोसल्या गेल्या. पुढे टोळधाड इराण, पाकिस्तान, राजस्थान ओलांडत आली आणि मे २०२० मध्ये आपल्या काटोलच्या संत्रा-मोसंबीच्या बागांवर उतरली. लॉकडाऊनमधली ती ईद आठवा. घरातच नमाज अदा करून आपण फोनवर एकमेकांना मुबारकबाद देत होतो. त्याच आठवड्यात काटोलचे शेतकरी थाळ्या आणि डबे वाजवून टोळ हाकलत होते. दूरच्या समुद्राची ऊब तिथपर्यंत पोचली होती.

आपले दोन शेजारी : एक खारा, एक जरा गोडा

विदर्भाला पाऊस देणारे मुख्य हात बंगालच्या उपसागराचे. तिथे कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात, ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेला सरकतात आणि भंडारा-गोंदियाच्या धानापासून यवतमाळच्या पऱ्हाटीपर्यंत सगळ्यांना भिजवतात. ही क्षेत्रे अरबी समुद्रापेक्षा उपसागरात इतकी जास्त का जन्मतात?

गुपित मिठात आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, इरावती या साऱ्या नद्या आपले गोडे पाणी उपसागरात ओततात. गोडे पाणी हलके, म्हणून ते वर तरंगते आणि खालच्या गार, खाऱ्या पाण्यावर झाकणासारखे बसते. वारा त्या झाकणाखालचे पाणी सहज ढवळू शकत नाही. ऊन वरच्या थरातच राहते आणि पावसाळ्यातही उपसागराचा पृष्ठभाग २८ अंशांच्या आसपास कोमट राहतो. अरबी समुद्रात उलट. तिथे नद्या कमी, बाष्पीभवन जास्त, म्हणून पाणी खारट. पावसाळ्यातले जोरदार वारे सोमालियाच्या किनाऱ्याजवळ खालचे गार पाणी वर आणतात आणि समुद्र थंडावतो.

या दोन शेजाऱ्यांतही देवघेव चालते. पावसाळ्यात अरबी समुद्राचे खारट पाणी श्रीलंकेला दक्षिणेकडून वळसा घालून उपसागरात शिरते आणि जड असल्याने गोड्या पाण्याच्या खाली सरकते. हिवाळ्यात प्रवाह उलटतात आणि उपसागराचे गोडसर पाणी पश्चिम किनाऱ्याकडे जाते. ही देवघेव नसती तर एक समुद्र गोडा होत गेला असता आणि दुसरा आणखी खारट. २०१६ मध्ये भारत आणि ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी ‘सिंधू साधना’ या भारतीय जहाजावरून ऐन पावसाळ्यात उपसागरात जाऊन या खाऱ्या प्रवाहाची मोजणी केली.

वर्गात हे दाखवायला मला जहाज लागले नाही. एका काचेच्या बरणीत मिठाचे पाणी घेतले, त्यात निळी शाई टाकली. वर चमच्याच्या पाठीवरून हळूच साधे पाणी सोडले. दोन थर वेगळे उभे राहिले. तीच मुलगी पुढे येऊन म्हणाली, “टीचर, कुरआन शरीफमध्ये दोन दर्यांचा जिक्र आहे ना, एक गोडा, एक खारा?” मी हो म्हटले. आयतींतून विज्ञानाची सूत्रे काढण्याची घाई मी करत नाही. पण वारे, ढग, समुद्र यांच्याकडे पाहा आणि विचार करा, असे कुरआन पुन्हा पुन्हा सांगते. बरणीपुढे बसलेली मुले तेच करत होती.

आणि ‘मोसमी वारे’ हा शब्द तरी कुठला? अरबी ‘मौसिम’चा, म्हणजे ठरलेला हंगाम. अरब खलाशी याच वाऱ्यांवर आपल्या कोकण किनाऱ्याला लागत. इतिहासकार अल-मसऊदी दहाव्या शतकात चौलजवळच्या सैमूरला येऊन गेला, तेव्हा तिथे मुसलमानांची मोठी वस्ती नांदत होती. पंधराव्या शतकातल्या अहमद इब्न माजिद या नाखुदाने तर कोणत्या वाऱ्यावर कधी निघावे याची शास्त्रशुद्ध टिपणे लिहून ठेवली. समुद्राचा हंगाम ओळखणे ही आपल्या पूर्वजांची रोजीरोटी होती.

आता कोठी जास्त भरली आहे

आज चिंता वेगळी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे की १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराची पश्चिम बाजू सुमारे १.२ अंशांनी तापली. समुद्र तापला की जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक कमी होतो, आणि त्या फरकावर चालणारा मान्सून मंदावतो. मध्य भारतातला एकूण पाऊस त्यामुळे घटला. पण तापलेल्या अरबी समुद्रावरून मधूनच बाष्पाचे मोठे लोट येतात. त्याच गटाने २०१७ मध्ये मांडले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

हे दोन निष्कर्ष एकत्र वाचा. एकूण पाऊस कमी, पण पडतो तेव्हा कोसळतो. २०२३ चा ऑगस्ट आणि सप्टेंबर. म्हणून ‘यंदा सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला’ या आकड्यात आपल्याला दिलासा शोधता येत नाही. त्या वर्षी देशाचा आकडा नेमका तेवढाच होता. ज्याची दुबार पेरणी झाली आणि ज्याच्या घरात पाणी शिरले, त्या दोघांनाही तो आकडा काही सांगत नाही.

घरी, शेतात, मोहल्ल्यात

समुद्र आपल्या हातात नाही. तयारी आहे. पहिली गोष्ट, हवामानाची बातमी नीट वाचायला शिकू या. हवामान खाते एप्रिलमध्ये आणि पुन्हा मेअखेरीस हंगामाचा अंदाज देते. त्यात एल निनोबरोबर डायपोलचे काय लिहिले आहे तेही पाहा. ‘एल निनो आला म्हणजे दुष्काळच’ असे व्हॉट्सॲपवर फिरते, ते १९९७ ने खोटे पाडले आहे. ज्यांची शेती आहे त्यांनी पहिल्या सरीवर पेरणीची घाई न करता ‘मेघदूत’ ॲपवरचा आपल्या जिल्ह्याचा सल्ला पाहावा. वीज पडण्याचा इशारा ‘दामिनी’ ॲप देते.

दुसरी गोष्ट पाण्याची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की नऊ हजार लिटरहून अधिक पाणी जमते. हेच पाणी एका घराचे रस्त्यावर गेले की शेजाऱ्याच्या घरात शिरते, आणि जमिनीत मुरवले की उन्हाळ्यात विहिरीला, बोअरला कामी येते. गच्चीचे पाणी खड्ड्यात मुरवण्याची सोय प्रत्येक नव्या घराने करावी. मशिदींत वुझूचे पाणी रोज किती वाहते ते पाहा. त्यासाठी शोषखड्डा खणणे मोहल्ल्याच्या चार हातांचे काम आहे. वाहत्या नदीकाठी बसूनही वुझूत पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे.

तिसरी गोष्ट नाल्यांची. प्लास्टिकच्या पिशव्या, कुर्बानीनंतरचा कचरा, बांधकामाचा मलबा नालीत टाकला तर पाऊस त्याच वाटेने आपल्याकडे परत येतो. कागदपत्रे, मुलांच्या शाळेचे दाखले, औषधे एका जलरोधक पिशवीत उंचावर ठेवावीत. तळमजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रात्री कोण उठवणार, हे पावसाळ्याआधीच ठरवावे. २३ सप्टेंबरच्या रात्री पाण्याने कुणाचा धर्म विचारला नव्हता आणि मदतीला आलेल्यांनीही विचारला नाही. ओळख आधीपासून असेल तर हाक लवकर पोचते.

पाऊस ओढ देतो तेव्हा आपण इस्तिस्काची नमाज अदा करतो, दुआसाठी हात उचलतो. दुआ करावीच. पण मागितलेली रहमत उतरेल तेव्हा ती साठवायला जागा आणि वाहून जायला वाट आपण ठेवली आहे का, हेही त्याच वेळी पाहावे.

त्या मुलीने आता घराच्या गच्चीवर सरळ काठाची काचेची बरणी ठेवली आहे. बाजूला पट्टी बांधली आहे. रोज सकाळी साडेआठला ती पाणी मोजते, वहीत तारीख आणि मिलिमीटर लिहिते, बरणी रिकामी करते. हवामान खातेही पाऊस याच वेळी मोजते, हे तिला कळल्यापासून ती वेळ चुकवत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तिने जगाचा नकाशा चिकटवला आहे आणि मकासरपासून नागपूरपर्यंत पेन्सिलने एक रेघ ओढली आहे.